मांजर झोपू देत नाही? कारणे, उपाय आणि रातपाळीवाल्यांसाठी वेळापत्रक

पहाटे साडेचारला पोटावर उडी, मग कानाशी म्याव, मग दारावर नखांची खरखर. मांजर पाळणाऱ्या बहुतेक घरांत हे ओळखीचे आहे. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या आणि गोदामांच्या शहरात तर हा त्रास दिवसाही होतो. बारा तासांची रातपाळी करून आलेला माणूस सकाळी आडवा होतो, तेव्हा मांजराला खेळायचे किंवा खायचे असते. अपुऱ्या झोपेने यंत्राजवळ किंवा दुचाकीवर डुलकी लागली, तर अपघात होऊ शकतो. म्हणून यावर उपाय करायलाच हवा.

मांजर असे का करते?

- शिकारीची वेळ: मांजर पूर्णपणे निशाचर नसते. पहाट आणि तिन्हीसांजेला ते सर्वांत चपळ असते. दिवसभरात ते साधारण १२ ते १६ तास झोपते.
- भूक: संध्याकाळी लवकर जेवण दिले, तर पहाटेपर्यंत पोट रिकामे होते.
- माज: नसबंदी न केलेली मांजरी माजावर आली की काही दिवस रात्रभर ओरडते. बोक्याशी संबंध आला नाही, तर बहुधा दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच होते. तिच्या वासाने बोकेही बेचैन होतात.
- आपण लावलेली सवय: ओरडल्यावर वाटीत दाणे पडतात, हे मांजर लगेच शिकते. रागावणेही त्याला लक्ष देण्यासारखेच वाटते.

आधी आजार नाही ना, हे पाहा

शांत मांजर अचानक रात्री ओरडू लागले, तर आधी पशुवैद्यांना दाखवा. दहा वर्षांपुढच्या मांजरात थायरॉइड, रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार किंवा म्हातारपणचा गोंधळ हे कारण असू शकते. खाणे वाढूनही वजन घटत असेल, तर थायरॉइडची शंका घ्यावी.

बोका सारखा लघवीला बसतो, कण्हतो, पण लघवी होत नाही, तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबल्यास एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. भिवंडीत उपचार मिळाले नाहीत, तर मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे प्राण्यांचे जुने रुग्णालय आहे. निघण्याआधी फोन करून चौकशी करा.

काय करावे?

१. आधी खेळ, मग जेवण, मग झोप. झोपण्याआधी १०-१५ मिनिटे दोरी किंवा कागदाच्या बोळ्यामागे मांजराला पळवा. मग दिवसातले मोठे जेवण द्या. शिकार, खाणे, अंग चाटणे आणि झोप हा त्याचा नैसर्गिक क्रम आहे. खेळून झाल्यावर दोरी उचलून ठेवा. गिळली तर आतडी अडकतात.

२. उठल्या उठल्या वाटी भरू नका. तोंड धुवा, चहा घ्या, मग खायला द्या. म्हणजे तुमचे उठणे आणि त्याचे खाणे यांची सांगड तुटते.

३. ऑटोमॅटिक फीडर वापरा. सुरुवातीला मांजर उठवते त्याच्या थोडी आधीची वेळ लावा. मग दर दोन-तीन दिवसांनी १०-१५ मिनिटे पुढे न्या. वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा घ्या.

४. नसबंदी करा. साधारण चार-सहा महिन्यांच्या वयात ती करता येते. नेमकी वेळ डॉक्टर ठरवतील.

५. निरोगी मांजराच्या ओरडण्याला उत्तर देऊ नका. बोलू नका, ढकलू नका, दिवा लावू नका. पहिले काही दिवस ओरडणे वाढेल. चौथ्या रात्री कंटाळून खायला दिले, तर चार रात्री ओरडले की मिळते एवढेच ते शिकेल. घरातल्या सगळ्यांनी हा नियम पाळायला हवा.

रातपाळी असेल तर

मांजर घड्याळ पाहत नाही, घरातला क्रम पाहते. समजा पाळी सकाळी ८ ला सुटते. घरी येऊन अंघोळ, मग १५ मिनिटे खेळ, मग मांजराचे जेवण आणि साडेनऊला झोप. दिवसपाळी लागली की हाच क्रम रात्री ठेवा. पाळी सारखी बदलत असेल, तर खायला देण्याचे काम घरातल्या दुसऱ्या माणसाकडे किंवा फीडरकडे द्या. झोपणाऱ्याकडून खाणे मिळत नाही हे कळले की त्याला उठवण्यात अर्थ राहत नाही.

एका खोलीच्या घरात मांजराला वेगळे ठेवता येत नाही. अशा वेळी खिडकीजवळ उंचावर फळी लावून त्यावर गोणपाट घाला. खिडकीला जाळी हवी. बाहेरची मांजरे पाहून ते चिडत असेल, तर झोपेच्या वेळी पडदा ओढा.

हे टाळा

- मारणे किंवा अंगावर पाणी फेकणे. मांजर घाबरते आणि त्रास वाढतो.
- माणसांची झोपेची किंवा तापाची गोळी देणे. पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणे ठरते.
- रात्री बाहेर हाकलणे. वाहने, भांडणे आणि रेबीजचा धोका असतो.
- शांत राहण्यासाठी दूध पाजणे. अनेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात.

सवय मोडायला साधारण दोन-तीन आठवडे लागू शकतात. त्यानंतरही फरक नसेल, तर मांजर किती वाजता ओरडते, काय खाते आणि लघवी कशी होते हे आठवडाभर लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन पशुवैद्यांकडे जा.