तलावातील न बोलावलेले पाहुणे

पूर्व विदर्भ हा तलावांचा प्रदेश. नागपूरहून भंडारा-गोंदियाकडे निघाले की वैनगंगेच्या खोऱ्यात गावागणिक एखादा तलाव किंवा बोडी दृष्टीस पडते. गोंड राजांच्या काळी, त्यांच्या उत्तेजनाने, कोहळी समाजाने यांतील कितीतरी तलाव बांधले. धानाच्या बांधीला पाणी आणि ढिवरांच्या चुलीवर मासळी, अशी दुहेरी देणगी या तलावांनी पिढ्यान्‌पिढ्या दिली.

आज यांपैकी अनेक तलावांच्या काठी फिकट जांभळ्या फुलांचे एक झुडूप माजलेले दिसते. आपल्याकडे त्याला ‘बेशरम’ म्हणतात. नाव शिवराळ खरे, परंतु त्यात निरीक्षण आहे. तोडून फेकलेली फांदी ओल्या जमिनीत पडेल तेथे रुजते. झाड विषारी असल्याने गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. ते पाण्यात उभे राहते आणि उन्हाळ्यात भेगाळलेल्या गाळातही तग धरते. मूळचे हे दक्षिण अमेरिकेचे. शोभेसाठी व कुंपणासाठी लोकांनीच ते लावले आणि कुंपणाने शेत ओलांडून तलाव गाठला.

त्याने नेमके काय बिघडविले? तलावाचे खरे कोठार म्हणजे त्याचा उथळ काठ. तेथे देवधान, लव्हाळे आणि पाण्याखालच्या नाना वनस्पती वाढतात. त्यांच्या आश्रयाने किडे व गोगलगायी जगतात, मासे अंडी घालतात, पिले लपतात. त्यांवर बदके, बगळे आणि महाराष्ट्रात आता प्रामुख्याने गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरलेला सारस पोसतो. बेशरमीच्या दाट सावलीत हा काठच गुदमरतो. एक दुवा निखळला की त्यावर टांगलेले पुढचे सारे दुवे सैल होतात, आणि या साखळीच्या शेवटी ढिवराचे रिकामे जाळे असते.

तथापि सारा दोष झुडपाच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. नागपूर जेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते, तेव्हा १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली. जुलमी पद्धत गेली, हे इष्टच झाले. परंतु तलाव सरकारजमा झाले आणि गाळ काढणे, पाळीची डागडुजी करणे ही गावाने मिळून करावयाची कामे कोणाचीच राहिली नाहीत. गाळाने तलाव उथळ झाले आणि उथळ पाणी म्हणजे बेशरमीला आयतेच आमंत्रण.

माशांचीही अशीच कथा आहे. उत्पन्न वाढावे या सद्हेतूने तलावांत रोहू, कटला, मृगळ हे उत्तरेकडील नद्यांचे मासे सोडण्यात आले. १९५९ साली भारतात गवत्या व चंदेरा हे परदेशी मासे आणले गेले. गवत्या पाणवनस्पतींवर जगतो. सायप्रिनस हा आणखी एक परका मासा तळाचा चिखल उकरून पाणी गढूळ करतो. ज्या हिरवळीत स्थानिक माशांची पिले वाढावयाची, तीच नाहीशी होऊ लागली. बाजारात वजन वाढले, पण तलावातील विविधता घटली.

नागपूरकरांना दूर जावयाची गरज नाही. ज्या अंबाझरीने एके काळी शहराची तहान भागविली, त्या तलावावर अलीकडे जलपर्णीचे गालिचे पसरलेले आपण पाहिले आहेत. हीदेखील दक्षिण अमेरिकेची. सुंदर फुलांमुळे ती देशोदेशींच्या बागांत शिरली. बंगालमध्ये तिने नाले आणि शेते अशी अडविली की १९३६ साली तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तिच्या आच्छादनाखाली ऊन पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. सांडपाणी हे तिचे खत, म्हणून तिच्या वाढीत शहराचाही वाटा आहे.

गाजरगवताविषयी मात्र थोडे सावधपणे बोलावयास हवे. अमेरिकेच्या ‘पी. एल. ४८०’ गव्हाबरोबर ते आले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु तो करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि पुण्यात हे गवत त्यापूर्वीच, १९५५ च्या सुमारास, आढळले होते. अमेरिकन धान्य १९५१ पासून येत होते, तेव्हा गव्हावरील संशय सर्वस्वी निराधार नाही, पण लोकप्रिय कथा तारखांच्या कसोटीस पूर्ण उतरत नाही. अशी कसोटी लावता येते ती जुन्या वनस्पतिसंग्रहांमुळे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील असा संग्रह येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७–१९३४) यांचे नाव आजही धारण करून आहे. वाळवून जपलेले, तारीख लिहिलेले एक पान कधीकधी शंभर ऐकीव गोष्टींहून अधिक बोलते.

मग परके तेवढे वाईट, असे समजावे काय? तसे म्हटल्यास आपल्या ताटातील मिरची, बटाटा व टोमॅटो आणि परसातील पेरू, पपई, सीताफळ यांनाही निरोप द्यावा लागेल. तीही सारी अमेरिका खंडातूनच आली. फरक जन्मस्थानाचा नाही. मिरची माणसाच्या हाताखाली वाढते. बेशरम आपले मायदेशीचे शत्रू मागे ठेवून येथे आली आणि मोकाट सुटली. पाहुणा घराची रीत पाळतो की घरच बळकावतो, हा खरा प्रश्न आहे.

आशेला जागा आहे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या अनुभवाचा आधार घेऊन तलाव सावरण्याचे काम केले आहे. बेशरम नुसती कापावयाची नाही, मुळासकट उपटावयाची. मग तलावाचा तळ नांगरून तेथे स्थानिक पाणवनस्पती लावावयाच्या आणि देशी माशांना पुन्हा थारा द्यावयाचा, अशी ही पद्धत. या कामात ढिवर स्त्रियांचे श्रम मोलाचे ठरले. कोणत्या माशाला कोणती वनस्पती हवी, हे त्या समाजाला पुस्तकाविना ठाऊक होते. आपण फक्त विचारावयाचे विसरलो होतो.

आपल्या कुटुंबांना करता येण्याजोगे थोडे आहे, पण ते क्षुल्लक नाही. घरच्या काचपेटीतील कंटाळा आलेला मासा किंवा कासव दया म्हणून फुटाळ्यात सोडू नये. ती दया एका जिवावर होते, तिची किंमत मात्र अवघा तलाव मोजू शकतो. कुंडीतील पाणवनस्पती नाल्यात टाकू नये. आणि गावचा तलाव साफ होत असेल, तर दोन हात आपलेही लागावेत. तलाव बांधणारे कधीच काळाआड गेले, त्यांचे पाणी मात्र आपण अजून पीत आहोत.