पाटणचा मठ आणि पळीभर तेल

ज्युबिलीच्या पुस्तकाच्या शेवटी देणगीदारांची यादी छापण्याची चाल जुनी आहे. कोणी हजार दिले, कोणी पाच, कोणी चुन्याची गाडी, कोणी नुसती दोन दिवसांची मजुरी. ही यादी वाचणारा मनुष्य बहुधा आपले नाव त्यात आहे की नाही, आणि असल्यास ते शुद्ध छापले आहे की नाही, एवढेच पाहतो व पान उलटतो. आम्हीही तसेच करीत आलो. परंतु आमच्या खानदेशात अशीच एक यादी आठशे वर्षांपूर्वी दगडावर कोरून ठेवलेली आहे, आणि ती नीट वाचल्यापासून अशा याद्यांविषयी आमचे मत पालटले आहे. त्या यादीची व ज्या दगडावर ती आहे त्या दगडाची हकीकत येथे सांगण्याचे योजिले आहे.

चाळीसगावाहून नैऋत्येस सुमारे १८ किलोमीटर गेले म्हणजे सपाट काळी जमीन संपते आणि सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगराची भिंत समोर उभी राहते. तिच्या पायथ्याशी पाटण नावाचे गाव होते. हल्ली लोक त्या जागेस पाटणादेवी म्हणतात, कारण गाव गेले आणि देवी राहिली. रानात भवानीचे, म्हणजे चंडिकादेवीचे, मोठे दगडी देऊळ आहे. जवळच महादेवाचे एक जुने देऊळ आहे, आणि डोंगराच्या अंगास नागार्जुनाची कोठडी व सीतेची न्हाणी ह्या नावांची कोरीव लेणी आहेत. घाट चढून वर गेल्यास पितळखोऱ्याची लेणी लागतात. ती तर पाटणच्या देवळांहून हजारावर वर्षांनी वडील आहेत. आज हा सारा मुलूख गौताळा-औट्रम घाट अभयारण्यात मोडतो. हे अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले व त्याचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे.

यादवांच्या काळी येथे निकुंभ कुळातील सामंत नांदत असत. महादेवाच्या देवळातील शके १०७५, म्हणजे इ.स. ११५३ च्या सुमाराचा लेख त्यांच्यापैकी इंद्रराजाचा वृत्तान्त सांगतो. इंद्रराजाने देऊळ बांधावयास घेतले, पण ते पुरे होण्यापूर्वीच तो वारला. मुलगा गोवन लहान होता. तेव्हा राज्याचा भार राणी श्रीदेवी हिने उचलला आणि नवऱ्याने अर्धे टाकलेले देऊळ पुरे करविले. ज्या इमारती आज आपण ‘जुन्या’ म्हणून पाहावयास जातो, त्यांतील कित्येक आरंभ करणाऱ्याच्या नव्हेत, तर मागे राहिलेल्यांच्या चिकाटीने उभ्या आहेत. पाटणचे महादेवाचे देऊळ त्यांपैकी एक होय.

परंतु आमची यादी महादेवाच्या देवळात नाही. ती देवीच्या देवळातील शिलालेखात आहे. हा लेख कोरविणारा चांगदेव हा ज्योतिषी होता, आणि ‘सिद्धांतशिरोमणि’ लिहिणारे भास्कराचार्य हे त्याचे आजोबा. भास्कराचार्यांनी तो ग्रंथ शके १०७२, म्हणजे इ.स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिला. ते पाटणचेच राहणारे होते की अन्य ठिकाणचे, ह्याविषयी विद्वानांत मोठा वाद आहे, आणि प्रत्येक गावास ते आपले असावेत असे वाटणे स्वाभाविकच आहे. आम्ही त्या वादात पडत नाही. लेख इतके मात्र सांगतो की भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर ह्यास यादव राजा जैत्रपाल ह्याने ह्याच गावाहून बोलावून नेले व आपल्या पंडितांचा अग्रणी केले, आणि लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा पुढे सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. राजदरबारी मान मिळाल्यावर चांगदेवाने आजोबांच्या नावे काय केले असेल? त्याने देऊळ बांधले नाही. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने पाटणास मठ स्थापिला, म्हणजे आजच्या भाषेत गणित व ज्योतिष ह्यांची शाळा काढली. निकुंभ सामंत सोइदेव ह्याने ह्या मठास दान दिले. दानाचा दिवस शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमेचे चंद्रग्रहण, असा दिला आहे. इंग्रजी गणनेने ती ९ ऑगस्ट १२०७ ही तारीख येते. ज्योतिषाच्या शाळेस ग्रहणाच्या दिवशी दान मिळावे ह्यातील औचित्य त्या दिवशी जमलेल्यांच्या लक्षात आल्यावाचून राहिले नसेल. सोइदेवाचा धाकटा भाऊ हेमाडिदेव ह्याचेही नाव दात्यांत आहे.

येथवर सारा लेख संस्कृत आहे, व अशा लेखांत असावयाचे ते सर्व त्यात आहे: राजांची स्तुती, कुळांची वंशावळ, पंडितांचे गुणवर्णन. पण शेवटास आल्यावर भाषा एकाएकी बदलते आणि मराठी सुरू होते. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे ही मराठी तिच्याहूनही सुमारे ८३ वर्षांनी जुनी. ह्या काही ओळींकरिता भाषाशास्त्री पाटणची वाट चालत आले आहेत. आम्हांस मात्र त्या ओळींतील मजकूर अधिक मोलाचा वाटतो. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जे येणे होते, ते मठास दिले आहे. गिऱ्हाइकाने पाच पोफळी, म्हणजे सुपाऱ्या, द्याव्यात. गावात जितके तेलाचे घाणे चालतील, तितक्या घाण्यांमागे पळी पळी तेल मठास जावे. आणि येथे जे काही मापावयाचे ते मठाच्याच मापाने मापावे. मापण्याबद्दल जी मजुरी येईल तिचा अर्धा हिस्सा मठाचा व अर्धा मापणाऱ्याचा.

ही ती यादी. तीत कोणा तेल्याचे अथवा वाण्याचे नाव नाही, पण त्याच्या हातची पळी आहे. राजाची स्तुती पंडितांनी वाचावयाची म्हणून ती संस्कृतात राहिली, आणि घाणेवाल्यास व मापाऱ्यास ज्यावरून रोज व्यवहार करावयाचा तो मजकूर त्यांच्या भाषेत आला, असा आमचा तर्क आहे. मठात रात्री दिव्याखाली कोणी मुलगा लीलावतीतील उदाहरण सोडवीत बसला असेल, तर त्या दिव्यातील तेल ह्या घाण्यांतूनच आले असले पाहिजे. मापाची अट तर विशेष चतुर आहे. मठाचे माप खरे राहावे ह्यात विकणाऱ्याचे व घेणाऱ्याचे दोघांचेही हित, मापाऱ्यास अर्धा वाटा असल्यामुळे तोही राजी, आणि मठास कोणाच्या दारी हात पसरावयास जावे लागत नाही. वर्गणी गोळा करण्याचा प्रसंग ज्यांवर आला आहे त्यांस ह्या योजनेची थोरवी लगेच पटेल.

पण ही योजना बाजार भरेल तोवरच चालावयाची. देवगिरीच्या यादवांचे राज्य १३१८ मध्ये कायमचे बुडाले. पाटणची पेठही कालांतराने उठली. पेठ नाही तर गिऱ्हाईक नाही, घाणा नाही तर पळी नाही. १८८० च्या खानदेश गॅझेटियरात पाटण हे ओसाड गाव म्हणून नोंदलेले आहे. मठाची इमारत आज दाखविता येत नाही; तिच्या खर्चाची तरतूद मात्र शाबूत राहिली, कारण ती दगडावर होती.

ह्या दगडाची ओळख जगास मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड ह्यांनी करून दिली. भास्कराचार्यादी ज्योतिर्विदांच्या काळाविषयी १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी हा लेख पुढे आणला. पुढे १८९२ मध्ये कीलहॉर्न ह्या जर्मन पंडिताने तो काळजीपूर्वक संपादून छापला, आणि १९६३ मध्ये शं. गो. तुळपुळे ह्यांनी आपल्या प्राचीन मराठी कोरीव लेखांच्या संग्रहात त्याचा समावेश केला. दगड रानात होता म्हणून वाचला, असे कोणी म्हणेल. आमचे मत निराळे आहे. देवीस येणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्या देवळात दिवा लावीत राहिली, वाट तुडवीत राहिली, म्हणून देऊळ पडीक झाले तरी परके झाले नाही. महादेवाचे देऊळ पाहा आणि देवीचे पाहा. ज्या वास्तूस माणसांचा राबता आहे तिचा कोसळलेला दगड दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी दृष्टीस पडतो.

दगड निदान जागचा हलत नाही. कागदाचे तसे नाही, आणि ह्यासाठी पाटणहून धुळ्यास जाणे भाग आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे ह्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या नावाने २२ खंड प्रसिद्ध केले, ते कोण्या सरकारी दप्तरखान्यात बसून नव्हे. गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवर चढून, कसर लागलेले रुमाल सोडून त्यांनी ते कागद मिळविले. जुने कागद वाण्याकडे पुड्या बांधण्यास जात असत तो हा काळ. आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यास होते, व तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचा अंत झाला. मागे संपत्ती म्हणावी तर कागद, टिपणे आणि अपुरे कोश. भास्कर वामन भट आदी धुळेकरांनी १९२७ सालीच त्यांच्या नावे संशोधन मंडळ स्थापिले, संग्रह सांभाळला, त्यांचा धातुकोश छापून काढला, ‘संशोधक’ हे नियतकालिक चालविले, आणि खानदेशात सापडलेल्या जुन्या मूर्तींसही आपल्या वास्तूत जागा दिली. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देव ह्यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढली होती. रामदासी मठांतून जमविलेली हस्तलिखिते पुढे १९३५ मध्ये उभारलेल्या समर्थ वाग्देवता मंदिरात ठेवण्यात आली. समर्थांच्या हातची म्हणून मानली जाणारी वाल्मीकी रामायणाची प्रत तेथेच आहे. पुण्यामुंबईपासून दूर, कापसाच्या व्यापारावर वाढलेल्या जिल्ह्याच्या गावात हे घडले, ह्याचा धुळेकरांनी अभिमान बाळगावा. आणि अभिमानापेक्षा वर्गणी बरी, हेही त्यांस सांगावे लागू नये.

आता पाटणकडे परत येऊ. तेथील देवळांस व लेण्यांस केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे. १९०४ च्या कायद्याने अशा संरक्षणाची पद्धत सुरू झाली, व हल्ली १९५८ चा कायदा लागू आहे. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित वास्तूपासून १०० मीटरांत नवे बांधकाम मना आहे आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगीवाचून करता येत नाही. भोवतालचे रान वनखात्याचे, म्हणजे तेथील धोंडा उचलणाऱ्यास दोन खात्यांचा विचार करावा लागतो! तथापि खात्याचा शिपाई एक आणि यात्रेकरू हजारो, हे प्रमाण कोणत्याही कायद्याने बदलत नाही. चैत्रात व नवरात्रात यात्रेस गर्दी लोटते, पावसाळ्यात धबधब्यांसाठी माणसे येतात, आणि त्यांच्या मागे जे उरते ते पाहवत नाही.

अलीकडे चाळीसगावाकडील तरुण मंडळी कचरा वेचणे, झुडपे काढणे, वाटा साफ करणे अशी कामे सुट्टीच्या दिवशी आपल्या खुषीने करतात. आम्ही त्यांचे मनापासून कौतुक करतो, आणि त्यासोबत एक तक्रारही नोंदवितो. जुन्या दगडाची हानी द्वेषापेक्षा प्रेमाने अधिक झाली आहे. शेंदराचे थर व तेलाची पुटे ही भक्तीची, तैलरंगाचा हात हा स्वच्छतेच्या हौसेचा. अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून कोणी त्यांत खडू भरतो, कोणी तारेच्या ब्रशाने घासतो. अशा घासण्यात अक्षराची कड जाते व ती पुन्हा येत नाही. लेख वाचावयाचा तर त्यावर ओला कागद बसवून ठसा घ्यावा, आणि तेही जाणत्या माणसानेच. सांध्यात सिमेंट भरण्याचा मोहही असाच घातक. चुना पाणी घेतो आणि सोडतो; सिमेंट ते आत कोंडते, आणि मग दगडाचेच कपचे उडू लागतात. सांध्यात रुजलेला पिंपळ उपटून काढला तर मुळासह दोन दगड बाहेर येतात. तो कापून हळूहळू मारावा लागतो. थोडक्यात, एथ जे मापावयाचे ते मठाच्याच मापाने मापावे, ही जुनी अट श्रमदानासही लागू आहे. पुरातत्त्व खात्यास विचारल्यावाचून दगडास हात लावू नये.

ज्यास विद्या नको, परवानगी नको, फक्त नेम हवा, अशी कामे उरतातच. पावसाळ्यापूर्वी देवळाभोवतीच्या चरातील पालापाचोळा काढणे हे त्यांतील पहिले. २०२१ च्या ऑगस्टअखेर ह्याच डोंगररांगेत एका रात्रीत असा पाऊस झाला की कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि डोंगरी व तितूर नद्यांचे पाणी चाळीसगावच्या बाजारात शिरले. त्या पाण्यापुढे तुंबलेला चर म्हणजे देवळाच्या पायावर सोडलेला पाटच. दुसरे काम पाहण्याचे. गतवर्षीचे छायाचित्र हाती घेऊन यंदा कोणता दगड सरकला, कोठे भेग वाढली, ते टिपावे आणि खात्यास लेखी कळवावे. तिसरे, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी गोणी घेऊन जाण्याचे.

ज्यांस पाटणास जावयाचे असेल त्यांनी चाळीसगावाहून सकाळीच निघावे. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी, खाण्याच्या पिशव्या परत आणाव्यात, माकडांस काही देऊ नये. देवीचे दर्शन झाल्यावर शिलालेखापाशी थोडे थांबावे. संस्कृत श्लोक पंडितांकरिता सोडून द्यावेत आणि शेवटच्या ओळींकडे पाहावे. लिपी आपल्याच देवनागरीचे जुने रूप आहे. सर्व लागणार नाही, पण जाणता मनुष्य बरोबर असला आणि ऊन तिरपे असले, तर पोफळी, घाणा, पळी, तेल हे शब्द हाती लागतील.