सहा खाने, एक नळी : दोन सिलिंडरवाल्या रिव्हॉल्व्हरपासून कोल्हापूरच्या नेमबाजांपर्यंत

देवनारहून बोलतोय. हे या आठवड्याच्या एपिसोडचं लिखित रूप. हार्बर लाइनच्या गर्दीत ज्यांना ऐकू आलं नाही, त्यांनी निवांत वाचा.

आजचा विषय आहे एकच रिव्हॉल्व्हर आणि तिला दोन सिलिंडर. गॅसचा नाही हं! रिव्हॉल्व्हरच्या मधोमध जो फिरणारा गोल भाग असतो, ज्याच्या खान्यांमध्ये काडतुसं बसतात, तो सिलिंडर. काही रिव्हॉल्व्हरमध्ये तो काढून दुसरा बसवता येतो. प्रश्न साधा आहे: सिलिंडर बदलला तर नेम बिघडतो का? उत्तर शोधताना आपण अमेरिकेतून निघून कोल्हापूरला पोहोचणार आहोत.

आधी इतिहास. सॅम्युएल कोल्टला रिव्हॉल्व्हरचं अमेरिकन पेटंट मिळालं १८३६ मध्ये. तेव्हा आजच्यासारखं तयार काडतूस नव्हतं. प्रत्येक खान्यात समोरून दारू भरायची, गोळी ठासायची, मागे टोपी लावायची. बराच वेळ जायचा. म्हणून कोल्टच्या सुरुवातीच्या पॅटरसन रिव्हॉल्व्हरसोबत पेटीत एक जादा सिलिंडर मिळायचा. आधीच भरून ठेवा, पहिला संपला की दुसरा लावा. म्हणजे सिलिंडर बदलण्याची कल्पना अचूकतेसाठी आलीच नव्हती, ती वेळ वाचवण्यासाठी होती.

मग आलं रिमफायर काडतूस. १८४५ च्या सुमारास फ्रान्समध्ये फ्लोबेरनं टोपीलाच छोटी गोळी लावून घरात खेळायची बंदूक बनवली. त्यावरून स्मिथ अँड वेसननं पॉइंट टू-टूचं काडतूस तयार केलं आणि १८५७ मध्ये सात गोळ्यांची छोटी रिव्हॉल्व्हर बाजारात आणली. त्यासाठी सिलिंडर आरपार पोखरलेला हवा होता, म्हणजे काडतूस मागून भरता येईल. ते पेटंट होतं रॉलिन व्हाइट नावाच्या माणसाकडे, १८५५ पासून. कंपनीनं त्याला प्रत्येक नगामागे २५ सेंट द्यायचं ठरवलं, पण पेटंट कोणी मोडलं तर कोर्टात भांडायचं त्यानंच! १८६९ मध्ये पेटंट संपलं आणि मग सगळेच आरपार सिलिंडर बनवू लागले. आज जगभर चालतं ते पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतूस १८८७ चं.

रिमफायर म्हणजे काय? काडतुसाच्या बुडाला जी बाहेर आलेली कड असते, तिच्या आतल्या पोकळीत पेट घेणारं मिश्रण असतं. घोडा त्या कडेवर आपटतो, कड चेपते, ठिणगी पडते. कड चेपता यावी म्हणून पितळ पातळ ठेवावं लागतं, म्हणून आत फार दाब चालत नाही. पण काडतूस स्वस्त पडतं, आवाज कमी, धक्का कमी. शिकायला एकदम बेस्ट. एनसीसीत ज्यांनी पहिल्यांदा जमिनीवर आडवं पडून ट्रिगर दाबलाय, त्यांच्या हातात बहुतेक पॉइंट टू-टू रायफलच होती.

आता मुद्द्यावर. १९५३ मध्ये अमेरिकेच्या रुगर कंपनीनं ‘सिंगल-सिक्स’ ही पॉइंट टू-टू रिव्हॉल्व्हर काढली. १९५९ मध्ये विंचेस्टरनं त्याच पॉइंट टू-टू कॅलिबरचं, पण जास्त ताकदीचं ‘मॅग्नम’ काडतूस आणलं. त्यानंतर १९६० च्या दशकात एकाच रिव्हॉल्व्हरसोबत दोन सिलिंडर देण्याची पद्धत रुळली. एक सरावाच्या स्वस्त काडतुसासाठी, दुसरा मॅग्नमसाठी. नळी मात्र एकच.

एकच सिलिंडर का चालत नाही? लाँग रायफलची गोळी आणि तिचं पितळ बाहेरून जवळजवळ एकाच जाडीचं असतं. मॅग्नमची गोळी पितळाच्या आत बसते, त्यामुळे पितळ जास्त जाड. मॅग्नमच्या खान्यात साधं काडतूस सैल पडतं आणि पितळ फाटू शकतं. म्हणून वेगळे खाने हवेतच.

नळीचं काय? साध्या गोळीचा व्यास साधारण ५.६६ मिलिमीटर, मॅग्नमचा ५.६९. फरक केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तरी एकच नळी दोघींना तंतोतंत बसणार नाही. कुठेतरी तडजोड आलीच. ‘दोघांसाठी चालेल’ आणि ‘एकासाठी परफेक्ट’ यातला फरक कोड लिहिणाऱ्यांना वेगळा सांगायला नको.

पण खरं सांगायचं तर नळीची तडजोड हा छोटा व्हिलन आहे. मोठा व्हिलन सिलिंडरमध्येच बसलाय. सहा खाने म्हणजे सहा वेगवेगळ्या सुरुवाती. प्रत्येक वेळी नवा खाना फिरून नळीसमोर येतो. तो किंचित तिरका थांबला, तर गोळी नळीत शिरतानाच एका बाजूनं खरवडली जाते. शिवाय सिलिंडर आणि नळी यांच्यात बारीक फट असते, नाहीतर तो फिरणारच नाही. त्या फटीतून गॅस निसटतो. फट कमी-जास्त तर गोळीचा वेगही कमी-जास्त. म्हणूनच दुसरा सिलिंडर त्याच रिव्हॉल्व्हरला कारखान्यात बसवून तपासलेला असावा लागतो. दुसऱ्या नगाचा सिलिंडर आत गेला म्हणून तो जुळला असं होत नाही.

आता थोडं गणित. पिस्तुलावर पुढच्या-मागच्या साइटमध्ये १५ सेंटिमीटर अंतर धरा. नेम धरताना पुढची साइट फक्त ०.१ मिलिमीटर हलली, तर २५ मीटरवर गोळी साधारण १७ मिलिमीटर बाजूला जाते. २५ मीटर पिस्तूलच्या प्रिसिजन टार्गेटवर १० गुणांचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं, म्हणजे मध्यापासून २५. हाताच्या एका थरथरीत त्यातलं १७ संपलं! यंत्राची चूक उरलेल्या जागेत मावली पाहिजे. सहा खाने सहा दिशांना ओढत असतील तर ती मावत नाही.

म्हणून अशा स्पर्धांत सिलिंडरवाली रिव्हॉल्व्हर सहसा दिसत नाही, पिस्तूल दिसतं. पिस्तुलात खाना एकच आणि तो नळीचाच भाग. प्रत्येक गोळीची सुरुवात एकाच जागेवरून.

आणि इथे कोल्हापूर येतं. राही सरनोबत २०१३ मध्ये चांगवॉनच्या वर्ल्ड कपमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकली. २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये पुन्हा सुवर्ण. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. तिथे थायलंडच्या खेळाडूशी ३४-३४ अशी बरोबरी झाली आणि निकालासाठी दोन शूट-ऑफ लागले. या प्रकाराच्या फायनलमध्ये हात खाली ठेवून थांबायचं आणि इशारा झाला की ३ सेकंदांत हात वर, नेम, गोळी. काडतूस तेच, पॉइंट टू-टू रिमफायर.

तिच्याआधी तेजस्विनी सावंत, तीही कोल्हापूरचीच. ऑगस्ट २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण, विश्वविक्रमाची बरोबरी आणि नेमबाजीत जागतिक विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय महिला. आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स, ४५१.४ गुण, कांस्य. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारा महाराष्ट्राचा दुसरा खेळाडू. खाशाबाही कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. पश्चिम महाराष्ट्राचं पाणीच वेगळं!

५० मीटरवर सिलिंडरचा प्रश्न नाही, पण तिथे काडतूस परीक्षा घेतं. गोळीचा वेग सेकंदाला ३३० मीटर धरला, तर ढोबळ हिशेबानं ५० मीटरपर्यंत ती ११ सेंटिमीटर खाली येते. वेग १ टक्का कमी पडला की आणखी २.३ मिलिमीटर खाली. ऐकायला काहीच नाही. पण १० गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं, आणि फायनलमध्ये दर ०.१ गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर. म्हणजे शूटरची काही चूक नसताना जवळजवळ ०.३ गुण गेले.

कडेतल्या मिश्रणाचं प्रमाण जरा बदललं तरी असा फरक पडतो. म्हणून मोठे नेमबाज काडतुसं नुसत्या ब्रँडवर घेत नाहीत. एकाच कंपनीचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून मारून बघतात आणि जो जुळेल तो साठवतात. यासाठी युरोपातल्या कंपन्यांकडे टेस्टिंग रेंजच असतात. गावाकडच्या मुलाला हे सगळं कुठून परवडणार? इम्पोर्टेड काडतूस महाग, लॉट निवडायची सोय लांब. गुणवत्तेआधी इथेच मुलं मागे पडतात. क्रीडा प्रबोधिनीसारखी सरकारी योजना आणि दीपाली देशपांडेंसारखी ऑलिंपियन कोच मिळाली, म्हणून स्वप्नील पुढे आला. ज्यांना ती मिळाली नाही, त्यांची नावं आपल्याला कळतच नाहीत.

तर सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर: हो, सिलिंडर बदलला की नेम बदलू शकतो. नीट जुळवलेला असेल तर थोडा, नसेल तर बराच. टिनच्या डब्यावर नेम धरणाऱ्याला ते जाणवणारही नाही. पण अचूक म्हणजे एकदा मध्यभागी लागणं नव्हे. साठ वेळा तीच गोष्ट तशीच होणं म्हणजे अचूक. रिव्हॉल्व्हर तिथे कमी पडते, कारण ती दर वेळी नव्यानं सुरुवात करते.

तुमच्यापैकी कोणी एनसीसीत किंवा वरळीच्या रेंजवर पॉइंट टू-टू चालवली असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पहिल्या पाच गोळ्यांचं ग्रुपिंग कसं आलं होतं, खरं-खरं सांगा. भेटू पुढच्या आठवड्यात!