दुकानदाराची आठवण आणि काळ्या रेघा

गावच्या दुकानदाराला विचारून पाहा. काडेपेट्या किती उरल्या, चहापूड कधी मागवायची, हे तो फळीकडे नुसती नजर टाकून सांगेल. मालाच्या पुरवठ्याची सारी विद्या त्याच्या डोक्यात. ही विद्या डोक्यातून निघून यंत्रात कशी गेली, त्याची ही हकीकत. तिचा आरंभ अमेरिकेत झाला.

१९४८ साली फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल संस्थेत किराणा दुकानांच्या एका मोठ्या साखळीचा प्रमुख आला. गल्ल्यावर माल आपोआप नोंदला जाईल अशी युक्ती कोणी शोधील काय, अशी त्याची पृच्छा होती. संस्थेने नकार दिला. पण ते बोलणे बर्नार्ड सिल्व्हर या तरुणाच्या कानी पडले. त्याने ते आपला मित्र जोसेफ वूडलंड याला सांगितले. वूडलंड बालवीर पथकात मोर्स लिपी शिकला होता. मियामीच्या समुद्रकाठी वाळूत त्याने त्या लिपीचे ठिपके नि रेघा काढल्या आणि बोटांनी खाली ओढल्या. झाल्या की जाड-बारीक रेघा! १९५२ साली दोघांना पेटंट मिळाले. मात्र रेघा वाचायला स्वस्त यंत्र नव्हते. लेसर किरण १९६० साली आले. सिल्व्हर १९६३ साली वारला.

पुढे आयबीएमच्या जॉर्ज लॉररने आखलेली खूण किराणा व्यापाऱ्यांनी १९७३ साली पत्करली. २६ जून १९७४ रोजी ओहायोतील ट्रॉय गावी मार्श दुकानात पहिली वस्तू यंत्राखालून गेली. कोणती म्हणाल, तर रिग्ली च्युइंगमची पुडी, किंमत ६७ सेंट.

एक गैरसमज इथेच दूर करू. या रेघांत किंमत नसते! वस्तूचा क्रमांक तेवढा असतो; किंमत दुकानाच्या संगणकात. म्हणून वस्तूवरची चिठ्ठी गेली तर आम्ही फसू, अशी ओरड तिथल्या गिऱ्हाइकांनी केली, आणि ती अगदीच वावगी नव्हती. आपल्याकडच्या पुडक्यांवर आरंभी ८९० दिसते. त्याचा अर्थ माल भारतात बनला असा नव्हे. क्रमांक भारतातल्या संस्थेने दिला, एवढाच. (गुरुजींनी वर्गात करून पाहावे: तेरा अंकांपैकी डावीकडून सम जागांवरच्या अंकांची तिप्पट करा, बाकीचे तसेच मिळवा. बेरजेला दहाने भाग जातो.)

रांग लवकर हलावी म्हणून आणलेली ही सोय खरी कामाला आली ती मागच्या वखारीत. काय खपले, कुठे खपले, हे त्याच दिवशी कळू लागले. आर्कान्सासच्या वॉलमार्टने १९८७ साली उपग्रहाचे जाळे उभारून आपली दुकाने मुख्य कचेरीशी जोडली, आणि पुढे खपाचे आकडे पुरवठादारांनाही खुले केले. फळी रिकामी होण्याआधीच गाडी निघू लागली. पूर्वी कारखानदार दुकानदाराला सांगे, हे ठेव. आता मोठा दुकानदार कारखानदाराला सांगू लागला, इतकेच पाठव आणि या भावाने. माझ्या मते खरी उलथापालथ ही.

आपल्या गावच्या दुकानात बिस्किटाच्या पुड्यावर त्या रेघा असतात, पण बहुधा त्या कोणी वाचत नाही. दुकानदार अजून आठवणीवरच चालवतो. मात्र पुष्कळ ठिकाणी वितरकाचा माणूस येतो तो हाती मोबाईल घेऊनच. काय हवे ते दुकानदार बोलतो, तो टिपतो, नि नोंद कंपनीकडे जाते. वर्षभरात आपल्या दुकानातून कोणता माल किती उठला, याचा तक्ता कंपनीपाशी तयार असतो. दुकानदारापाशी उरतात खिळ्याला अडकवलेल्या पावत्या.