छावणीतली गोळी, कुंपणाबाहेरचा ताप

उर्दूत कुनैन, जुन्या मराठीत कोयनेल. दोन्ही भाषा शिकवत असल्याने मला हा शब्द आवडतो, त्याची चव मात्र नाही. सिंकोना झाडाच्या सालीतून निघणारं हे औषध हिवतापावरचा मुख्य उपाय होतं, आणि जगाला लागणाऱ्या क्विनाईनपैकी जवळपास 90 टक्के एकट्या जावा बेटातून यायचं. मार्च 1942 मध्ये जपानने जावा घेतलं. आपल्याकडे दार्जिलिंगजवळ मुंगपूला आणि निलगिरीत सिंकोनाचे मळे होते, पण त्यांचं उत्पादन देशाच्या गरजेपुढे अगदीच तोकडं.

त्याच सुमारास ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर लढणारं सैन्य गोळ्यांपेक्षा डासांनी जास्त घायाळ होत होतं. जनरल स्लिम यांनी लिहिलंय की 1943 मध्ये एका जखमी जवानामागे 120 आजारी जवान मागे पाठवावे लागत. क्विनाईनच्या जागी मेपाक्रिन आली. ही पिवळी, कडू गोळी घेऊन कातडीही पिवळी पडे. हिने नामर्दी येते अशी अफवा छावण्यांत पसरली आणि जवान ती गुपचूप थुंकू लागले. मग अधिकारी समोर उभं राहून गोळी गिळवू लागले. अचानक तपासणीत 95 टक्क्यांहून कमी जवानांनी गोळी घेतल्याचं आढळलं, तर कमांडिंग ऑफिसरचीच गच्छंती. अशा तिघांना स्लिमनी काढलं, आणि बाकीचे समजून चुकले.

छावणीत डॉक्टरची चिठ्ठी नको, पैसे नकोत. औषध नको म्हणणाऱ्यालाही ते मिळत होतं.

कुंपणाबाहेर बंगाल होता, 1943 चा. भात पिकवणारे, मासे धरणारे, पूर्वेकडे बहुसंख्य मुसलमान. आधी उपासमार झाली. दुष्काळ म्हटला की आपल्याला झैनुल आबेदिन यांची चित्रं आठवतात: साध्या कागदावर काळ्या शाईने काढलेले हाडांचे सापळे. पण मृत्यूचा आकडा शिखरावर गेला तो डिसेंबरात, नवं भात हाती येऊ लागलं तेव्हा. उपासाने पोखरलेल्या शरीरांना हिवतापाने गाठलं. क्विनाईन काळ्या बाजारात गेलं होतं, आणि मिळे त्यातही भेसळ.

युद्ध होतं, सैनिक उभा राहिला नसता तर जपानी आत आले असते, हे मला मान्य आहे. गोळी आधी जवानाला, हेही मान्य. माझी तक्रार वेगळी आहे. औषध चिठ्ठीशिवाय गावोगाव पोचवायची युक्ती बंगालला नवी नव्हती. 1892 पासून तिथल्या पोस्टात एका पैशाला क्विनाईनची पुडी विकली जायची! ज्या सरकारला पोस्टमनच्या हातून पुडी देता येत होती, त्याला माणसं मरत असताना ते जाळं भरून ठेवता आलं नाही. ऑक्टोबर 1943 मध्ये वेव्हेल व्हाइसरॉय झाले, त्यानंतर लष्कर मदतीला उतरलं, त्याची वैद्यकीय पथकंही गावांत गेली. म्हणजे छावणीचं औषध कुंपण ओलांडू शकत होतं. फक्त उशीर झाला होता, आणि हिवतापाचे बळी 1944 मध्येही जात राहिले.

1945 च्या चौकशी आयोगाने 15 लाख मृत्यू धरले. पुढच्या अभ्यासकांनी आकडा 30 लाखांच्या आसपास नेला. आपण या सगळ्यांना सरसकट भूकबळी म्हणतो. त्यातले कितीतरी तापाने फणफणून गेले, घरात मूठभर नवा तांदूळ असताना.