बांटू शिक्षण

बांटू शिक्षण : दक्षिण आफ्रिकेत १९५३ च्या कायद्यान्वये कृष्णवर्णीय आफ्रिकनांसाठी उभारण्यात आलेली स्वतंत्र शिक्षणव्यवस्था. ‘बांटू’ ही मूळ भाषाशास्त्रातील संज्ञा असून ते एका विस्तृत भाषासमूहाचे नाव होय. गौरवर्णीय सरकारने ते आफ्रिकनांना सरसकट लावले. त्यामुळे त्यांना ते अपमानास्पद वाटू लागले. शैक्षणिक विषमता बहुधा दारिद्र्यातून, उपेक्षेतून किंवा प्रदेशाच्या दुर्गमतेतून उद्‌भवते. येथे ती कायदा करून आणि अंदाजपत्रकात बसवून निर्माण करण्यात आली, हे या व्यवस्थेचे वेगळेपण होय.

तत्पूर्वी आफ्रिकनांचे शिक्षण मुख्यतः ख्रिस्ती मिशनांच्या हाती होते. लव्हडेल (१८४१), हील्डटाउन, ॲडम्स कॉलेज या संस्था आणि १९१६ मध्ये स्थापन झालेले फोर्ट हेअर महाविद्यालय यांतून वकील, शिक्षक व संपादक यांची एक पिढी तयार झाली. नेल्सन मंडेला हे हील्डटाउन व फोर्ट हेअरचेच विद्यार्थी. मात्र या शाळांचा गौरव करताना त्यांच्या मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. त्या संख्येने अपुऱ्या होत्या आणि असंख्य मुले शाळेबाहेरच राहत. तरीही त्यांतील उत्तम शाळांत शिकणारा विद्यार्थी गोऱ्या विद्यार्थ्याच्याच परीक्षांना बसू शकत असे. १९४८ मध्ये सत्तेवर आलेल्या नॅशनल पक्षाला हेच खटकत होते.

या सरकारने नेमलेल्या आयसेलेन आयोगाच्या (१९४९–५१) शिफारशींनुसार १९५३ चा कायदा संमत झाला. एतद्देशीय व्यवहारमंत्री हेंड्रिक फेरवूर्त यांनी १९५४ मध्ये सिनेटमध्ये त्यामागील धोरण स्पष्ट केले : गोऱ्या समाजात काही प्रकारच्या श्रमांपलीकडे आफ्रिकनाला स्थान नाही, तेव्हा जे मिळणारच नाही त्याची आशा लावणारे शिक्षण त्याला देणे व्यर्थ होय. इतका उघड उद्देश राज्यकर्ते सहसा बोलून दाखवीत नाहीत.

मिशनशाळांपुढे शाळा सरकारच्या स्वाधीन करणे किंवा अनुदानावाचून चालविणे, असे दोनच पर्याय उरले. बहुतेकांनी पहिला स्वीकारला. रोमन कॅथलिक चर्चने दुसरा पर्याय काही काळ नेटाने चालविला, तर जोहॅनिसबर्गच्या अँग्लिकन बिशपांनी आपल्या शाळा बंद करणे पसंत केले. एप्रिल १९५५ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने शाळांवर बहिष्कार पुकारला. परंतु मुलांना पाठवायचे कोठे, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नसल्याने तो टिकला नाही.

या व्यवस्थेची खरी नाडी तिच्या अर्थकारणात सापडते. सर्वसाधारण महसुलातून द्यावयाची रक्कम वार्षिक ६५ लाख पौंडांवर गोठविण्यात आली. यापुढचा वाढता भार मुख्यतः आफ्रिकनांनी भरलेल्या करातून भागवावयाचा, असे ठरले. विद्यार्थी मात्र वाढत गेले. १९५५ मध्ये सुमारे दहा लाख असलेली त्यांची संख्या १९७५ च्या सुमारास पस्तीस लाखांवर गेली. ही वाढ सरकार अभिमानाने सांगे. ती शक्य झाली ती लहान मुलांसाठी दुबार पाळ्या, खच्चून भरलेले वर्ग आणि अल्प वेतनावरील अपुऱ्या प्रशिक्षित शिक्षक यांच्या बळावर. ही गोठवणूक १९७२ मध्ये उठली. तरीही १९७५–७६ मध्ये गोऱ्या विद्यार्थ्यामागे ६४४ रँड, तर आफ्रिकन विद्यार्थ्यामागे ४२ रँड खर्च होत होते.

माध्यमाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्यात येई. युनेस्कोनेही १९५३ मध्येच मातृभाषेतील शिक्षणाचा पुरस्कार केला होता. तथापि येथे त्याच तत्त्वाचा उपयोग आफ्रिकनांना जमातवार विभागण्यासाठी आणि इंग्रजीपासून दूर ठेवण्यासाठी झाला. परिणामी पालकांना स्वभाषेच्याच शाळेचा संशय येऊ लागला. त्यात १९७४ मध्ये गणित व सामाजिक शास्त्रे आफ्रिकान्समधून शिकविण्याचा आदेश निघाला. ही भाषा अनेक शिक्षकांनाही नीट अवगत नव्हती. १६ जून १९७६ रोजी सोवेटोमध्ये हजारो विद्यार्थी मोर्चाने निघाले. पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात मृत्युमुखी पडलेल्यांत बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन होता. उद्रेक देशभर पसरला. सरकारी चौकशी आयोगाने मृतांची संख्या ५७५ नोंदविली. आदेश जुलैमध्ये मागे घेण्यात आला आणि १९७९ च्या नव्या कायद्याने ‘बांटू शिक्षण’ हे नावही गेले. वंशवार खाती मात्र १९९४ पर्यंत राहिली.

१९९६ च्या शालेय कायद्याने सर्व मुलांना एकाच व्यवस्थेत प्रवेश दिला व सात ते पंधरा वर्षे वयोगटासाठी शिक्षण सक्तीचे केले. त्याच कायद्याने शाळांच्या नियामक मंडळांना शुल्क आकारण्याची मुभा दिल्याने पूर्वीच्या गोऱ्या शाळांची संपन्नता टिकली. आता त्यांत सधन कृष्णवर्णीयांची मुलेही शिकतात. सर्वांत गरीब वस्त्यांतील शाळा २००७ पासून शुल्कमुक्त करण्यात आल्या. तथापि २०२१ च्या आंतरराष्ट्रीय वाचनचाचणीत देशातील चौथीच्या ८१ टक्के मुलांना कोणत्याही भाषेतील मजकूर अर्थ समजून वाचता आला नाही. बहुसंख्य मुलांचे माध्यम चौथीत इंग्रजी होते, हे त्याचे एक कारण मानले जाते. म्हणून २०२५ पासून त्या इयत्तेत मातृभाषा व इंग्रजी अशा दुहेरी माध्यमाचा टप्प्याटप्प्याने अवलंब सुरू झाला असून, पालकांचा जुना संशय दूर करणे हे त्यातील अवघड काम आहे.