रामकथेची एक जपानी प्रत व तिचे पाठभेद

ग्रंथाचा इतिहास हा पुष्कळ अंशीं त्याच्या प्रतींचा इतिहास असतो, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ मध्यें हातीं घेतलें, तें १९६६ मध्यें पुरें झालें. वाल्मीकिरामायणाची तशीच आवृत्ति बडोद्याच्या प्राच्यविद्यामंदिरानें १९७५ मध्यें संपविली. नकलकारानें कोठें ओळ गाळली, कोठें समासांतली टीप मूळांत घुसडली, याचा शोध घेण्यांत विद्वानांच्या पिढ्या खर्ची पडल्या. परंतु त्याच रामकथेवरील एका चित्रपटाच्या प्रतींचा प्रश्न निघाला कीं, सुशिक्षित माणूसहि तो पोरखेळ समजून बाजूस सारतो. आमच्या मतें ही उपेक्षा योग्य नव्हे.

‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा तो चित्रपट. त्याचे जनक युगो साको हे जपानी माहितीपटकार. डॉ. बी. बी. लाल यांच्या उत्खननांवर माहितीपट करण्याच्या निमित्तानें ते १९८३ मध्यें भारतांत आले आणि रामकथेनें त्यांस वेड लावलें. राम हा देव. त्याचें काम हाडामांसाच्या नटानें करण्यापेक्षां तो रेखाटावा हेंच उचित, अशी त्यांची धारणा होती. येथील सरकारकडून साहाय्य मिळालें नाहीं. विषय नाजूक, आणि ‘कार्टून’ या शब्दाभोंवतीं आपल्याकडे चेष्टेचा वास! अखेर चित्रपट जपानांत सिद्ध झाला. दिग्दर्शनांत साको व कोइची सासाकी यांच्या जोडीला आमच्या मुंबईचे राम मोहन होते. हे गृहस्थ फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रशाखेंत तयार झालेले; ‘भुवन शोम’ (१९६९) व ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) या चित्रपटांतील रेखाचित्रांचे प्रसंगहि त्यांच्याच हातचे. संगीत वनराज भाटिया यांचें. मूळ संवाद इंग्रजी आणि गीतें मात्र संस्कृत, हा या कृतीचा मोठा विशेष होय.

पुढें जें घडलें त्यास दैवदुर्विलास म्हणावें. बाबरी मशीद ६ डिसेंबर १९९२ रोजीं पाडण्यांत आली आणि चित्रपटाचा पहिला खेळ दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवांत जानेवारी १९९३ मध्यें झाला. त्या दिवसांत मुंबई जळत होती. अशा वेळीं रामाचें नांव धारण करणाऱ्या चित्रपटास, तो कितीहि निर्मळ असला तरी, शांत चित्ताचा प्रेक्षक कोठून मिळणार? चित्रपटगृहांत तो व्यापक रीतीनें झळकलाच नाहीं. मुलांनीं तो पाहिला तो घरीं, दूरचित्रवाणीच्या कार्टून-वाहिनीवर आणि मागाहून तबकड्यांवर. म्हणजे इतर चित्रपटांस घरगुती प्रत ही मूळाची सावली असते. याच्या बाबतींत एका पिढीपुरती ती सावली हाच चित्रपट ठरला. म्हणून त्या प्रतीचा कस पाहणें अगत्याचें आहे.

आम्ही राहतों त्या मरोळच्या औद्योगिक वसाहतींत, अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या आंतल्या बाजूस, शेमारू या संस्थेची इमारत आहे. १९६२ मध्यें पुस्तकें घरपोंच देणारें फिरतें वाचनालय म्हणून ही संस्था निघाली. १९७९ मध्यें तिनें व्हिडिओ-फिती भाड्यानें देण्यास आरंभ केला व पुढें ती फितींच्या प्रकाशनांत शिरली. प्रस्तुत चित्रपटाशीं तिचा संबंध जोडण्याचा आमचा हेतु नाहीं. पण वाचनालयांतून चित्रपटाचा व्यवसाय उगवला हें पाहिलें म्हणजे फीत व पोथी यांची तुलना अगदींच ओढूनताणून केलेली वाटणार नाहीं. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली, पाठोपाठ व्हिडिओ-यंत्रें आलीं, आणि गल्लोगल्लीं भाड्याच्या फितींचीं दुकानें निघालीं. फितीवरून फीत, तिच्यावरून तिसरी! प्रत्येक पायरीस चित्र थोडें भुरकट होई. जुना नकलकार निदान वाचून लिहीत असे. हें यंत्र न वाचतांच लिही.

आतां थोडा तांत्रिक तपशील सांगणें भाग आहे. चित्रपटाच्या पट्टीवरून सेकंदास २४ चित्रें सरकतात. आपल्याकडील जुनी दूरचित्रवाणी २५ दाखवी. हा मेळ घालण्याची नित्याची युक्ति म्हणजे चित्रपट किंचित् वेगानें चालविणें. तसें केलें म्हणजे १३५ मिनिटांची ही रामकथा १३० मिनिटांच्या आंत संपते आणि आवाजाची पट्टी दुरुस्त केली नाहीं तर प्रत्येक स्वर चढतो. भाटियांनीं बांधलेल्या संस्कृत गीताचा षड्जच हलला, तर तो पाठभेद नव्हे काय?

चित्राची गोष्ट याहून वाईट. साध्या व्हीएचएस फितीवर आडवा तपशील सुमारें २४० रेषांपुरताच उमटतो; रंगाचा तपशील तर त्याच्याहि एका लहानशा अंशाइतका. जिवंत माणसांच्या चित्रपटांत डोळा ही उणीव भरून काढतो. पण रेखाटलेल्या चित्रपटाचा सारा प्राण रेषेंत व तिनें बांधलेल्या सपाट रंगांत असतो. लाल रंग रेषेबाहेर ओघळला कीं वस्त्राची कडा हरवते, चेहरा पुसट होतो. पुढें व्हिडिओ सीडी आली. तिच्या चित्रांत ३५२ गुणिले २८८, म्हणजे सुमारें एक लाख बिंदु. एका तबकडीवर ७४ मिनिटें मावत, त्यामुळें हा चित्रपट तीवर घ्यावयाचा तर कथेचे दोन तुकडे आलेच. धूर, अग्नि, समुद्र असे क्षणोक्षणीं पालटणारे विषय आले कीं त्या चित्राचे चौकोन पडत. आणि लंकादहन व सेतुबंध यांवांचून रामायण होत नाहीं! डीव्हीडीनें बिंदूंची संख्या चार लाखांवर नेली, ही मोठी सुधारणा होती. तथापि तबकडी चांगली म्हणून तीवर उतरविलेली मूळ प्रत चांगली होती असें मुळींच नव्हे.

याशिवाय ज्यास पंडित प्रक्षेप व लोप म्हणतात तेहि येथें आढळतात. ‘द प्रिन्स ऑफ लाइट’ या नांवाच्या अमेरिकन आवृत्तींत अर्ध्या तासाहून अधिक भाग कापला; निवेदक जेम्स अर्ल जोन्स आणि रामाचा आवाज ब्रायन क्रॅन्स्टन यांचा. शेक्सपिअरच्या अभ्यासकांस १६०३ चें तें कुप्रसिद्ध त्रोटक ‘हॅम्लेट’ आठवावें. हिंदी आवृत्तीचें तसें नाहीं. अरुण गोविल यांचा राम, अमरीश पुरी यांचा रावण व शत्रुघ्न सिन्हा यांचें निवेदन, असा तिचा थाट होता. शास्त्रार्थानें तें भाषांतरच; पण आपल्या घरांत रुजलें तें हेंच.

जुन्या पट्टीवरून ‘४के’ पद्धतीनें उजळलेली नवी प्रत अखेर २४ जानेवारी २०२५ रोजीं भारतांतील चित्रपटगृहांत आली. अशा प्रतीच्या चित्रांत सुमारें ८३ लाख बिंदु असतात. युगो साको २०१२ मध्यें, राम मोहन २०१९ मध्यें व वनराज भाटिया २०२१ मध्यें निवर्तले. हा दिवस पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. चित्र उजळलें, परंतु हिंदी संवाद नव्या कलावंतांकडून पुन्हा बोलविण्यांत आले, आणि जुन्या आवाजांवर वाढलेले प्रेक्षक हिरमुसले. त्यांची तक्रार केवळ स्मरणरंजन म्हणून झटकून टाकणें आम्हांस पटत नाहीं. संस्कृत गीतांसह मूळ इंग्रजी हा प्रमाण पाठ, हें कबूल. तरीहि लोकांत रूढ झालेला पाठ गाळण्याचा अधिकार चिकित्सक संपादकासहि नसतो, तो त्यास तळटीपेंत ठेवावाच लागतो. ज्या तबकडीवर चार भाषा मावतात तीवर पांचवा जुना ध्वनि मावण्यास कोणती अडचण? अमरीश पुरी २००५ मध्यें वारले. त्यांचा रावण पुन्हा बोलवितां येणार नाहीं.

तूर्त ते आवाज सामान्य माणसाजवळ आहेत ते जुन्या तबकड्यांवर आणि कोणीं दूरचित्रवाणीवरून उतरवून घेतलेल्या फितींवर. मुंबईच्या दमट हवेंत फितीस बुरशी धरते. व्हीएचएस यंत्रें बनविणारी फुनाई ही जपानी कंपनी उरलीसुरली होती, तिनेंहि तें काम २०१६ च्या जुलैमध्यें थांबविलें.